दुबळा संकेत आणि दांडगी कॉइल : रिले व ट्रान्झिस्टर यांच्या नात्याचा इतिहास

#थ्रेड #विज्ञानाचा_इतिहास

१/२०
फ्रिजच्या स्टॅबिलायझरमधून मधूनच येणारा ‘टक्’ असा आवाज बहुतेक घरांना परिचित आहे. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होतो, तेव्हाही तसाच आवाज येतो. हा आवाज रिलेचा. रिलेच्या पोटात तांब्याच्या बारीक तारेची कॉइल असते, कॉइलच्या मध्यभागी लोखंडी गाभा आणि गाभ्यासमोर एक हलती लोखंडी पट्टी. कॉइलमधून वीज वाहू लागली की पट्टी खेचली जाते आणि दुसऱ्या, मोठ्या मंडलाचे संपर्क जुळतात. आजच्या उपकरणांत कॉइलला हुकूम देणारी एक चिप असते. मात्र चिप आणि कॉइल यांची थेट जोडणी क्वचितच आढळते. दोहोंच्या मध्ये एक ट्रान्झिस्टर, एक रोधक आणि एक डायोड असे तीन छोटे भाग बसवलेले असतात. हे तीन भाग तेथे कसे आले, याचा हा इतिहास.

२/२०
प्रथम अडचणीचे माप घेऊ. ५ व्होल्टवर चालणाऱ्या एका साध्या रिलेच्या कॉइलचा रोध सुमारे ७० ओहम असतो. म्हणजे तिला सुमारे ७१ मिलिअँपिअर प्रवाह हवा. याउलट १९६०च्या दशकात रूढ झालेल्या ७४०० मालिकेतील तर्कमंडलाची चिप ‘एक’ हा संकेत देताना केवळ ०.४ मिलिअँपिअर प्रवाहाची हमी देते. मागणी आणि पुरवठा यांत सुमारे १८० पटींची तफावत आहे. निर्णय घेणारा दुबळा आणि काम करणारा दांडगा, असा हा पेच आहे. विशेष असे की, रिलेचा जन्मच मुळी याच पेचातून झाला होता. फक्त त्या वेळी दांडग्याची जागा त्याची नव्हती.

३/२०
१८२० साली डेन्मार्कच्या ऑर्स्टेड यांनी विद्युतप्रवाहाने होकायंत्राची सुई हलते हे दाखवले. १८२५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम स्टर्जन यांनी लोखंडाभोवती तार गुंडाळून विद्युतचुंबक बनवला. विजेने दूरवर संदेश धाडता येईल, ही कल्पना तेव्हापासून अनेकांच्या मनात घोळू लागली. परंतु त्याच सुमारास पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने प्रयोग करून निराशाजनक निष्कर्ष काढला : तार लांबत जाते तसा परिणाम झपाट्याने क्षीण होत जातो, म्हणून विजेचे तारायंत्र व्यवहार्य नाही. बार्लो यांचे निरीक्षण खोटे नव्हते. लांब तारेच्या दुसऱ्या टोकाला पोहोचणारा प्रवाह खरोखरच दुबळा होता.

४/२०
या अडचणीला उत्तर शोधणारा माणूस न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील एका शाळेत शिकवत होता. त्याचे नाव जोसेफ हेन्री. स्टर्जन यांनी उघडी तार विरळ गुंडाळली होती. हेन्री यांनी तारेवर रेशमी आवरण चढवून दाट, अनेक पदरी वेटोळी घातली. त्यांच्या पद्धतीने येल महाविद्यालयासाठी १८३१ मध्ये बनवलेल्या चुंबकाने २००० पौंडांहून अधिक वजन पेलले. त्याहून महत्त्वाचा ठरला तो दुसरा शोध. एकाच लांब तारेची असंख्य वेटोळी असलेला चुंबक आणि अनेक घट एकापुढे एक जोडलेली बॅटरी वापरली, तर लांबच्या तारेतूनही चुंबक हलतो. १८३१ मध्ये त्यांनी एका मैलाहून लांब तारेच्या टोकाला घंटा वाजवून दाखवली.

५/२०
मात्र दूरवर घंटा वाजवणारा चुंबक शेकडो पौंड वजन उचलू शकत नव्हता, आणि वजन उचलणारा चुंबक दूरवर चालत नव्हता. १८३२ मध्ये प्रिन्स्टनला प्राध्यापक म्हणून गेल्यावर हेन्री यांनी दोहोंची सांगड घातली. दूरवरून येणाऱ्या दुबळ्या प्रवाहाने एक हलका चुंबक चालवायचा. त्या चुंबकाने पाऱ्याच्या वाटीत बुडालेली एक छोटी तार वर उचलायची. तार उचलली गेली की जवळच्याच दांडग्या बॅटरीचे मंडल तुटायचे आणि मोठ्या चुंबकाने धरलेले वजन धाडकन खाली कोसळायचे. वर्गात हा प्रयोग पाहणाऱ्यांना गंमत वाटली असेल. पण त्यात रिलेचे संपूर्ण तत्त्व आले होते. दूरचा प्रवाह काम करत नाही. तो फक्त हुकूम देतो. बळ स्थानिक बॅटरीचे असते.

६/२०
हेन्री यांचे आणखी एक निरीक्षण या कथेला आवश्यक आहे. १८३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या अखेरीस त्यांनी एक छोटी नोंद केली. बॅटरीची टोके फूटभर तारेने जोडून सोडवली, तर ठिणगी दिसत नाही. तार तीस-चाळीस फूट लांब असेल, तर जोडताना काही घडत नाही, पण तोडताना लखलखीत ठिणगी उडते. तीच तार वेटोळ्यात गुंडाळली, तर ठिणगी अधिक तीव्र होते. कॉइलमधील प्रवाह एकाएकी थांबायला नाखूश असतो, हा याचा अर्थ. या गुणधर्माला आज स्वप्रवर्तन म्हणतात. दुबळ्या संकेताने कॉइल चालवण्याची युक्ती आणि त्या कॉइलच्या प्रत्याघाताचे ज्ञान ही दोन्ही एकाच माणसाची देणगी आहे.

७/२०
सॅम्युएल मोर्स हे मूळचे चित्रकार. त्यांचे आरंभीचे तारायंत्र मोजक्या फुटांपलीकडे चालत नव्हते. न्यूयॉर्क विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक लिओनार्ड गेल यांनी हेन्री यांचे लेखन वाचले होते. त्यांच्या सल्ल्याने मोर्स यांनी बॅटरीचे घट आणि चुंबकाची वेटोळी वाढवली, तेव्हा संदेश दहा मैल तारेतून जाऊ लागला. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर हे सुमारे ४० मैलांचे अंतर तारायंत्राने ओलांडले. पुढे रिले आणि स्थानिक बॅटरी यांची जोड हा मोर्स-पद्धतीचा अविभाज्य भाग झाला. ‘रिले’ हा शब्दही मजल-दरमजल ताजे घोडे बदलण्याच्या प्रथेतून आला आहे.

८/२०
हेन्री यांनी आपल्या युक्तीचे पेटंट घेतले नाही. विज्ञानाचे फळ सर्वांना खुले असावे, अशी त्यांची धारणा होती. मोर्स यांनी पेटंट घेतले. वाद न्यायालयात गेला, तेव्हा हेन्री यांना साक्ष द्यावी लागली, आणि त्या साक्षीत मोर्स यांना वैज्ञानिक तत्त्वाच्या शोधाचे श्रेय मिळाले नाही. १८५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोर्स यांचे पेटंट मान्य केले. मात्र विद्युतचुंबकत्वाने दूरवर अक्षरे उमटवण्याच्या प्रत्येक प्रकारावर हक्क सांगणारा त्यांचा आठवा दावा फेटाळला. १८५५ मध्ये मोर्स यांनी हेन्री यांच्यावर टीका करणारी पुस्तिका काढली. हेन्री तेव्हा स्मिथसोनियन संस्थेचे सचिव होते. संस्थेच्या विश्वस्तांच्या समितीने चौकशी करून त्यांची बाजू उचलून धरली.

९/२०
याच दशकात तार हिंदुस्थानात पोहोचली. कलकत्त्यात १८३९ मध्ये प्रयोग केलेल्या विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे जोडली गेली. फेब्रुवारी १८५५ मध्ये ही सेवा जनतेसाठी खुली झाली. आरंभी लांबच्या मार्गावर मधल्या ठाण्यातील कर्मचारी संदेश उतरवून घेत आणि पुढच्या तारेवर पुन्हा पाठवत. रिले जे काम लोखंडी पट्टीकडून करून घेतो, तेच काम येथे माणसाचा हात करत होता. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली. रिले मात्र त्याआधीच तारघराबाहेर पडून फार दूर गेला होता.

१०/२०
१८९१ मध्ये ऑल्मन स्ट्रोजर यांना स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंजचे पेटंट मिळाले आणि पुढील दशकांत एक्स्चेंज म्हणजे रिलेंचे अरण्य झाले. एका रिलेचे संपर्क दुसऱ्या रिलेची कॉइल चालवू शकतात, दुसऱ्याचे तिसऱ्याची. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवले की, अशा जाळ्याला बूलच्या बीजगणिताचे नियम तंतोतंत लागू पडतात. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेतील जॉर्ज स्टिबिट्झ यांनी स्वयंपाकघरातील टेबलावर रिले जोडून दोन अंकी बेरीज करणारे यंत्र बनवले. १९४१ मध्ये बर्लिन येथे कोनराड त्सूझे यांनी दोन हजारांहून अधिक रिलेंचे झेड-३ हे गणकयंत्र चालवून दाखवले. या काळात विचार करणाराही रिले होता आणि काम करणाराही रिलेच होता. दुबळा-दांडगा असा भेदच उरला नव्हता.

११/२०
परंतु रिले हे हलणारे यंत्र आहे. त्याला हलायला काही सहस्रांश सेकंद लागतात. त्याचे संपर्क झिजतात, जळतात, धुळीने अडतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या रिलेच्या गणकयंत्रात बिघाड शोधताना एका रिलेत अडकलेला पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. बेल प्रयोगशाळेचे मर्व्हिन केली यांना एक्स्चेंजमधील धातूच्या संपर्कांची ही दुखणी चांगली ठाऊक होती. संपर्कांच्या जागी हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच यावा, अशी त्यांची इच्छा होती. १९३६ मध्ये प्रयोगशाळेत रुजू झालेल्या विल्यम शॉकली यांनी पुढे सांगितले की, केली यांच्या या बोलण्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला.

१२/२०
पतंग सापडल्याला तीन महिने होतात न होतात, तोच डिसेंबर १९४७ मध्ये शॉकली यांच्या गटातील जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटेन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याचे दोन टोकदार संपर्क टेकवून पहिला ट्रान्झिस्टर चालवला. २३ डिसेंबर रोजी तो वरिष्ठांना दाखवण्यात आला. लवकरच शॉकली यांनी थरांच्या जोडांवर आधारलेल्या अधिक टिकाऊ ट्रान्झिस्टरची मांडणी केली. १९५४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बाजारात आणला. तो उष्णतेत जर्मेनियमपेक्षा कितीतरी भरवशाचा होता. १९५६ मध्ये तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता रिलेचे दिवस भरले, असे वाटणे स्वाभाविक होते.

१३/२०
प्रत्यक्षात निराळेच घडले. ३० मे १९६५ रोजी न्यू जर्सीतील सक्कासन्ना गावी बेल कंपनीचे ‘नंबर वन ईएसएस’ हे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झाले. त्याचा मेंदू ट्रान्झिस्टरांचा होता. पण माणसांचे आवाज मात्र ज्या वाटेने जात, ती वाट काचेच्या नळीत बंद केलेल्या धातूच्या पात्यांचीच होती. विजेच्या क्षणिक स्पंदाने ती पाती जुळत किंवा सुटत. केली यांना हवा असलेला स्विच आला आणि त्याने निर्णयाचे काम घेतले. जोडण्या-तोडण्याचे काम धातूकडेच राहिले. ज्याला निवृत्त करायचे, त्यालाच आता हुकूम द्यावा लागणार होता.

१४/२०
येथे भूमिका उलटल्या. तारायंत्राच्या काळात रिले हा दुबळा संकेत ऐकणारा तरल कान होता. चिपच्या काळात तोच दांडगा, खादाड भार ठरला. तर्कमंडले जसजशी लहान होत गेली, तसतसा त्यांचा प्रवाहही घटला. एका चिपवर हजारो स्विच बसवायचे, तर प्रत्येकाने थोडक्यात भागवणे भाग होते. १९६८ मध्ये आरसीए कंपनीने आणलेल्या सीमॉस मालिकेतील चिपा तर ५ व्होल्टवर जेमतेम मिलिअँपिअरच्या घरात प्रवाह देत. बार्लो यांच्या तारेच्या टोकाशी असलेली अडचण आता बोटभर अंतरावर येऊन उभी राहिली. तिचे उत्तरही हेन्री यांचेच होते : हुकूम एकाचा, बळ दुसऱ्याचे.

१५/२०
रचना अशी. कॉइलचे एक टोक ५ व्होल्टच्या पुरवठ्याला, दुसरे टोक एनपीएन ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला आणि एमिटर जमिनीला जोडतात. चिपचा संकेत एका रोधकामधून बेसला मिळतो. बेसमध्ये थोडा प्रवाह शिरला की कलेक्टरमधून त्याच्या अनेक पट प्रवाह वाहू शकतो. संकेत ५ व्होल्टचा आणि रोधक १००० ओहमचा घेतला, तर बेस स्वतःसाठी सुमारे ०.७ व्होल्ट राखतो, उरलेल्या ४.३ व्होल्टमुळे ४.३ मिलिअँपिअर प्रवाह जातो. ७१ मिलिअँपिअरच्या कॉइलसाठी तो पुरेसा आहे. रोधक वगळला, तर बेस आणि चिप या दोघांवरही अतिरिक्त प्रवाहाचा बोजा पडतो. हेन्री यांच्या पाऱ्याच्या वाटीची जागा आता सिलिकॉनच्या कणाने घेतली.

१६/२०
प्रवाहाचा हिशेब काटेकोर न ठेवता थोडा सढळ ठेवण्यामागे कारण आहे. ट्रान्झिस्टर पूर्ण बंद असेल, तर त्यातून प्रवाह जात नाही. पूर्ण उघडा असेल, तर त्यावर अत्यल्प व्होल्ट उरतात. दोन्ही स्थितींत तो थंड राहतो. बेसला प्रवाह कमी पडला, तर तो अर्धवट उघडतो, कॉइलच्या वाट्याचे व्होल्ट स्वतःकडे ठेवतो आणि तापतो. रिले मात्र खेचला जात नाही किंवा थरथरत राहतो. म्हणून ट्रान्झिस्टरची वृद्धी शंभरपट असली, तरी आराखडा करणारे ती दहा-वीसपटच आहे असे धरून चालतात. गणित वर्धकाचे नव्हे, स्विचचे करायचे असते.

१७/२०
०.४ मिलिअँपिअर देणाऱ्या चिपेला मात्र हा सढळपणा परवडत नाही. त्यावरचा एक तोडगा बेल प्रयोगशाळेतच निघाला होता. सिडनी डार्लिंग्टन यांनी एका ट्रान्झिस्टरच्या एमिटरमधून निघणारा प्रवाह दुसऱ्याच्या बेसला दिला. दोघांच्या वृद्धीचा गुणाकार होऊन ती हजारपटीच्या घरात जाते. १९५३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. किंमत एवढीच की, पूर्ण उघडल्यावरही या जोडीवर सुमारे एक व्होल्ट खर्ची पडतो. एका रिलेने दुसरा रिले चालवावा, तसा येथे एक ट्रान्झिस्टर दुसऱ्याला चालवतो. जुनीच साखळी नव्या पदार्थात उतरली.

१८/२०
आता हेन्री यांच्या ठिणगीकडे वळू. ट्रान्झिस्टर बंद होताच कॉइलमधील प्रवाह थांबायला नकार देतो. त्याला वाट उरत नाही, म्हणून कॉइलच्या टोकांवरील व्होल्ट क्षणार्धात शेकड्यांच्या घरात चढू शकतात. तारघरातील पितळी चावीने ही ठिणगी सोसली. फार तर तिचे संपर्क काळवंडले. बीसी-५४७ सारख्या लहान ट्रान्झिस्टरची कलेक्टर व एमिटर यांमधील सहनशक्ती ४५ व्होल्टची. तो मुकाट्याने मरतो. म्हणून कॉइलला समांतर, पण उलट्या दिशेने, एक डायोड लावतात. एरवी तो निष्क्रिय असतो. प्रवाह तुटताच तो वाट उघडतो आणि कॉइलमधील ऊर्जा त्याच फेऱ्यात जिरते. कलेक्टरवर ५.७ व्होल्टच्या आसपासच दाब राहतो. डायोड विसरलेले मंडल पहिल्या दिवशी चालतेही. म्हणूनच ही चूक फसवी आहे.

१९/२०
या संरक्षणाचेही मोल आहे. प्रवाह डायोडमधून फिरत हळूहळू ओसरतो, त्यामुळे रिले किंचित उशिरा सुटतो. जुन्या एक्स्चेंजच्या अभियंत्यांना हा विलंब ओळखीचा होता. रिले सावकाश सुटावा असे हवे असेल, तेथे ते गाभ्यावर तांब्याचे कडे बसवत. चुंबकत्व घटताना त्या कड्यात प्रवाह फिरे आणि पट्टी थोडा वेळ धरून राही. तेथे जो गुण मुद्दाम आणावा लागे, तो डायोडसोबत आपोआप येतो. पुढे सात डार्लिंग्टन जोड्या, त्यांचे बेस-रोधक आणि डायोड एकाच चिपवर बसवलेला यूएलएन-२००३ आला. त्याची प्रत्येक वाहिनी ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह झेलते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आज मिळणाऱ्या तयार रिले-बोर्डांतही हेच तत्त्व नांदते आहे.

२०/२०
मग रिले अजून का टिकला? सुटलेल्या संपर्कांच्या मध्ये खरीखुरी हवेची फट असते, जुळलेल्या संपर्कांत रोध नगण्य असतो, आणि कॉइल व संपर्क यांच्यात विजेचे नाते नसते. २३० व्होल्टची वीज आणि ५ व्होल्टची चिप एका डबीत सुखाने राहतात ते त्यामुळेच. रेल्वेच्या सिग्नल-यंत्रणेनेही वीज गेल्यास पट्टी स्वतःच्या वजनाने सुरक्षित बाजूस पडावी, या गुणासाठी रिलेवर दीर्घकाळ विश्वास ठेवला.

हेन्री १८७८ मध्ये निवर्तले. १८९३ मध्ये शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने प्रवर्तनाच्या एककाला ‘हेन्री’ हे नाव दिले. रिलेचे श्रेय मात्र लोकांच्या स्मरणात मोर्स यांच्या तारेबरोबरच राहिले. इतिहासात विचार करणारे यंत्र नोंदले जाते, काम करणारे यंत्रही नोंदले जाते. दोहोंना जोडणारा सांधा बहुधा निनावी राहतो. स्टॅबिलायझर पुन्हा ‘टक्’ करील, तेव्हा पट्टी खेचणारी कॉइल आणि ती सुटताना उसळणारी ठिणगी गिळणारा डायोड, या दोहोंमागे ऑल्बनीचा एक शिक्षक उभा आहे, एवढे ध्यानात असावे.

(समाप्त)